उन्हाळ्याचा अर्ज दिवाळीत

आमच्या बहिणीचे घर बेज्जूरला. पूर्वीचा आदिलाबाद जिल्हा, २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद. कागजनगरला रेल्वेतून उतरून पुढे बसने जावे लागते. मग जंगल लागते आणि जंगलापलीकडे प्राणहिता. नदीच्या त्या काठावर गडचिरोली जिल्हा, या काठावर तेलंगणा. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि कॉलेजात इंग्रजी, अशा तीन भाषांत तिथली मुले वाढतात. माझी भाची त्यांतलीच एक. तिने सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा अख्ख्या घराने पेढे वाटले. पुढे काय करायचे असते, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मी शहरात राहते, म्हणून मला ठाऊक असेल असा सगळ्यांचा समज. तसे काही नव्हते.

हा लेख त्या अज्ञानातून शिकलेल्या दोन-चार गोष्टींचा आहे. आपल्या मंडळात बारावीनंतर काय करावे यावर पुष्कळ बोलले जाते. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यानंतरच्या तीन उन्हाळ्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

तीन हजारांचे प्रमाणपत्र

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे २०२३ च्या एप्रिलमध्ये, भाचीचा फोन आला. "मावशी, इंटर्नशिप करायला पाहिजे म्हणतात. सगळ्या मैत्रिणी करताहेत. तीन हजार भरायचे, चार आठवडे ऑनलाइन, शेवटी सर्टिफिकेट." मीच पैसे पाठवले. चार आठवड्यांत तिला काही व्हिडिओ मिळाले आणि एक तयार प्रकल्प मिळाला, त्याच्यावर स्वतःचे नाव घालायचे. प्रमाणपत्र मात्र रंगीत आणि सोनेरी किनारीचे होते.

इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग झाल्यापासून असल्या प्रमाणपत्रांचे पीक आले आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. शिकाऊ मुलाकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तो बहुधा धंदा असतो. खरी संशोधन फेलोशिप मुलाला विद्यावेतन देते. कुठे पैसे नसले तर निदान राहण्याची सोय आणि मार्गदर्शक तरी देते. अर्जासाठी नाममात्र शुल्क असू शकते, पण निवड झाल्यावर 'सीट पक्की करण्यासाठी' हजारो रुपये कोणी मागत नाही.

पैशांपेक्षा मला चुटपुट लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. एप्रिलमध्ये आम्ही शोधाशोध सुरू केली, तोवर चांगल्या ठिकाणांचे अर्ज कधीच बंद झाले होते. उन्हाळ्याचा विचार उन्हाळ्यात करायचा नसतो, हे तेव्हा कळले.

कुठे आणि केव्हा

पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या खऱ्या संशोधनात सामील करून घेण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटीने १९६९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र योजना सुरू केली. आपल्याकडेही आता अशा बऱ्याच वाटा आहेत. मुख्य तेवढ्या सांगते. तारखा वर्षागणिक थोड्या मागेपुढे होतात, तेव्हा त्या त्या वर्षीची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहावी.

पहिली वाट तीन विज्ञान अकादमींची. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी अशा तिघी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. मुदत साधारण आठ आठवडे. देशभरातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायचे, विद्यावेतन मिळते आणि प्रवासभाडेही. गुणपत्रके, एका शिक्षकाचे शिफारसपत्र आणि 'मला काय करायचे आहे' यावर छोटे टिपण द्यावे लागते. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या आसपास. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्राची उन्हाळी फेलोशिपही याच पठडीतली.

दुसरी वाट आयआयटींची. हैदराबादची 'शुअर', कानपूरची 'सर्ज', गांधीनगरची 'एसआरआयपी', रुरकीची 'स्पार्क' आणि मद्रासची समर फेलोशिप या योजनांत बाहेरच्या कॉलेजांतली मुलेही अर्ज करू शकतात. हे अर्ज बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये असतात. आमच्या भागातून हैदराबाद आयआयटी सोयीची. कागजनगरहून रेल्वेने सिकंदराबाद आणि तिथून संगारेड्डीच्या वाटेवर कंदी.

ज्यांना भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या मुळाशी जायचे आहे, त्यांनी मुंबईच्या टीआयएफआरची 'व्हीएसआरपी' आणि पुण्याच्या आयुकाचा सुट्टीतला कार्यक्रम पाहावा. इंजिनिअरिंगच्या मुलांनाही तिथे दार उघडे असते.

परदेशी जायचे तर कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक ही बारा आठवड्यांची योजना आणि जर्मनीची डाड-वाइज. मिटॅक्सचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत, तर वाइजचे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आटोपतात. वाइजसाठी आधी जर्मन प्राध्यापकाला पत्र लिहून त्याचा होकार मिळवावा लागतो, म्हणजे तयारी गणपतीपासूनच हवी.

एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: गणपतीत परदेशाचे, दिवाळीत अकादमींचे, संक्रांतीनंतर आयआयटींचे.

'मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे'

त्या वर्षी दिवाळीत भाची माझ्याकडे आली ती अर्जाचे टिपण घेऊन. पहिलेच वाक्य होते, मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे. पुढे आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन वगैरे. कोणाच्याही नावाने खपले असते असे टिपण. इंग्रजी शुद्ध होते, कारण बरेचसे इकडून तिकडून उचललेले होते.

मी तिला म्हटले, "हे बाजूला ठेव. तुला खरंच पडलेला एखादा प्रश्न सांग, मराठीत सांग."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमचं शेत बुडालं ना तेव्हा, पाणी येणार हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही. का नाही सांगितलं?"

जुलै २०२२ चा तो पूर वाचकांना आठवत असेल. खाली भद्राचलमला गोदावरीची पातळी १६ जुलैला ७१.३ फुटांवर गेली होती. तिथे ४३ फुटांना पहिला इशारा आणि ५३ ला तिसरा, म्हणजे शेवटचा. १९८६ मध्ये ७५.६ फूट झाले होते, त्यानंतरचा हा मोठा पूर. भद्राचलमचे आकडे दर तासाला टीव्हीवर येत होते. पण तिथे पोचणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा प्राणहितेचा असतो, आणि प्राणहितेच्या काठावरच्या आमच्या लोकांना पाणी कळते ते बांधावर आल्यावर. बहिणीच्या घरचा कापूस त्यात गेला.

भाची बोलत राहिली. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. वर भंडाऱ्याकडे गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की बातमी मराठीत येते, खालचे इशारे तेलुगूत येतात. मधल्या गावांनी कोणते ऐकायचे? तिला दोन्ही कळतात. आजवर ही तीन भाषांची ओढाताण तिला आपले उणेपण वाटत होती. अर्जात तीच तिची जमेची बाजू ठरली.

टिपण पुन्हा लिहिले. सुरुवात शेतापासून केली. पुढे एकच प्रश्न ठेवला: उपग्रहाच्या चित्रांवरून आमच्या काठावर पुराचे पाणी कुठवर आले होते, हे सांगता येईल का? शेवटी स्वतःला काय येते आणि काय येत नाही, हे चार ओळींत. शिफारसपत्रासाठी ती अशा सरांकडे गेली, ज्यांनी तिला प्रयोगशाळेत काम करताना पाहिले होते. नुसती मोठी पदवी असलेल्यापेक्षा आपल्याला ओळखणारा शिक्षक बरा.

नोव्हेंबर ते मार्च तिने आठ ठिकाणी अर्ज केले. सहा ठिकाणांहून नकार आला, एकाकडून काहीच नाही. एका राष्ट्रीय संस्थेने बोलावले.

पेरणीच्या दिवसांत

खरी अडचण मग आली. काम मे ते जुलै, आणि जूनमध्ये सरकी टोकायची असते. भाऊजी सरळ म्हणाले, "पेरणीच्या टायमाला पोरगी दोन महिने बाहेर. अन् तिथं जाऊन नोकरी भेटते का?" नोकरी मिळत नाही, हे मला मान्य करावे लागले. बहीण काही बोलली नाही, पण तिच्या पाठीवर दुप्पट काम पडणार हे दिसत होते.

भाचीनेच हिशेब मांडला. विद्यावेतनातून मेस आणि किरकोळ खर्च वजा केला, उरले त्यात टोकणीसाठी दोन बायांची मजुरी निघत होती. तो कागद भाऊजींनी दोनदा वाचला आणि बॅग घ्यायला तिला स्वतः कागजनगरला घेऊन गेले. फेलोशिपचे पैसे हा आपल्याला किरकोळ तपशील वाटतो. ज्या घरात मुलीचे दोन हात मजुरीला मोजले जातात, तिथे तोच निर्णायक असतो.

संशोधन म्हणजे काय असते

पहिले दोन आठवडे ती रोज रात्री रडवेली होऊन फोन करायची. सॉफ्टवेअर उघडत नाही, बाकीची मुले भराभरा पुढे जातात, मार्गदर्शक बाई आठवड्यातून एकदाच भेटतात. मी समजूत घालत असे. हळूहळू तिची गाडी रुळावर आली आणि फोनवर ती मलाच शिकवू लागली.

पुराच्या वेळी आकाशात ढग असतात, म्हणून साध्या उपग्रह-छायाचित्रात काही दिसत नाही. रडारचा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि त्या जमिनीवरून परत आल्या की टिपतो. त्याला ढग आणि अंधार आड येत नाहीत. शांत पाण्यावर या लहरी आरशावरून उजेड परतावा तशा पलीकडे निघून जातात, म्हणून चित्रात पाणी काळे दिसते. युरोपियन अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-१ ची अशी चित्रे कोणालाही फुकट मिळतात.

ऐकायला सोपे वाटले. पण एका उपग्रहाला त्याच मार्गाने पुन्हा यायला १२ दिवस लागतात, आणि जोडीतला दुसरा उपग्रह डिसेंबर २०२१ मध्येच बंद पडला होता. तिला मिळालेल्या दोन चित्रांच्या मधल्या दिवसांत पाणी चढून ओसरूही लागले होते. शिवाय उभ्या पिकात पाणी शिरले की लहरी पाण्यावर आणि ताटांवर आपटून परत येतात, म्हणून ते पाणी काळे दिसतच नाही. नकाशात त्यांचे स्वतःचे बुडालेले शेत कोरडे निघाले!

ती बाईंना म्हणाली, "माझं काहीतरी चुकलं." बाई म्हणाल्या, "शेत बुडालं होतं याचा पुरावा काय?"

मग बेज्जूरला फोन गेला. भाऊजी आणि गावातली दोन पोरे मोबाइल घेऊन फिरली. झाडाच्या खोडावरची गाळाची रेघ, हातपंपाचा कट्टा, देवळाची पायरी, जिथे जिथे पाणी आल्याचे लोकांना नक्की आठवत होते, तिथले अक्षांश-रेखांश त्यांनी पाठवले. भाचीने ते नकाशावर मांडले. उपग्रहाने काय पाहिले आणि काय त्याच्या नजरेतून निसटले, यावर तिचा अहवाल झाला. कुठे छापून आला नाही. पूर थांबवण्याचा उपायही त्यात नाही. पण तो तयार प्रकल्पावर नाव घातलेला नव्हता, पानापानाचा जाब ती देऊ शकत होती. पुढच्या मुलाखतींमध्ये तिला विचारले गेले ते याच कामाबद्दल. सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र कोणी पाहायला मागितले नाही.

घरी परतल्यावर भाऊजींनी तिच्याकडून तो नकाशा समजून घेतला. नंतर गोठ्याच्या खांबावर, २०२२ चे पाणी जिथवर आले होते तिथे, ऑइलपेंटने रेघ मारून तारीख घातली. "पुढच्या खेपेला कोणी विचारलं तर पुरावा पाहिजे," म्हणाले.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळात प्राध्यापक आहेत, इंजिनिअर आहेत, संशोधन संस्थांतून निवृत्त झालेले आहेत. गावाकडच्या मुलाला आपल्याकडून बहुतेक वेळा पैसे नको असतात. त्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे असते की अशी योजना आहे, अर्ज या महिन्यात करायचा आहे, आणि टिपण एकदा मला दाखव. टिपण आपण लिहून देऊ नये. फक्त 'तुला खरंच पडलेला प्रश्न कोणता?' हे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे.

यंदा दिवाळीला गावाहून फोन येईल, किंवा आपण गावी जाऊ. घरात, शेजारी, नात्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कोणी असेल. फराळाचे ताट पुढे सरकवताना त्याला एवढे जरूर विचारा, उन्हाळ्याचा अर्ज भरलास का?