शाखा कोठे आणि कशासाठी

‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पुण्यातील दुकानांवरची पाटी आम्ही विद्यार्थिदशेत प्रथम वाचली, तेव्हा तिच्यातील ताठ्याचे हसू आले होते. आज तीसएक वर्षांनंतर, आमच्या इंदूर शहराची मार्गदर्शिका तयार करीत असता, त्या पाटीचा अर्थ नव्याने ध्यानात येऊ लागला आहे.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी ही मार्गदर्शिका येथील काही मराठी मंडळींनी मिळून सिद्ध करावयास घेतली. ज्याला जे ठाऊक ते त्याने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, अशी पद्धत. राजवाडा, छप्पन दुकान यांविषयी मतभेदाचे कारणच नव्हते. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालावा आणि रात्री दुकाने बंद झाली की त्यांच्याच दारांसमोर भुट्ट्याचा कीस नि थंडीत गराडू तळला जावा, हा थाट अन्यत्र कोठे पाहावयास मिळणार? वाद माजला तो शाखांवरून. एकाने बाटाच्या दुकानांची यादी आणली, दुसऱ्याने पिझ्झाच्या. तेव्हा आम्ही मुख्याध्यापकी सवयीने एक नियम लिहून टाकला : ज्या दुकानाच्या शाखा इतर शहरांतही आहेत, ते गाळावे.

नियम सुटसुटीत होता, आणि चुकीचा होता.

सोलापूरकडचे एक गृहस्थ आजारी वडिलांना घेऊन येथे आले होते. रात्री बारानंतर औषधाची चिठ्ठी हाती पडली. मार्गदर्शिकेत जुनी घराणेदार औषधालये होती, सारी रात्री दहाच्या आत बंद होणारी. रात्रभर उघडे असणारे एक दुकान दोनच गल्ल्या पलीकडे होते. परंतु ते पडले शाखा, म्हणून आम्हीच गाळलेले! गृहस्थ तासभर भटकले. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा म्हणाले, “गुरुजी, तुमच्या पुस्तिकेत जिलबी रात्री किती वाजेपर्यंत मिळते ते आहे, औषध कोठे मिळते ते नाही.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते.

मग आम्ही इतरांचे काम पाहिले. २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या स्वयंसेवकांच्या नकाशात प्रत्येक शाखेला जागा आहे. नकाशाने निवड करावयाची नसते. मार्गदर्शिकेला मात्र ती करावीच लागते. पाहुण्याला आपल्या गावीही मिळणारा पिझ्झा येथे शोधून देण्याची गरज नाही. गावातल्याच मिठाईवाल्याच्या चार शाखा असतील, तर नोंद मूळ दुकानाची करावी आणि उरलेल्या तिन्हींचे पत्ते तिच्यातच एका ओळीत द्यावेत. चार नोंदी केल्या की ती जाहिरात होते. (मालकाचा भाचा आमच्यात असला की चाराच्या पाच होतात, हाही अनुभव आहे.)

उलट, शाखा असूनही वगळता न येणारी स्थळे असतात. कॉफी बोर्डाने बंद केलेली कॉफीगृहे कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून चालविली. ती इंडियन कॉफी हाउसे अनेक शहरांत आहेत. पण कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचे अल्बर्ट हॉलमधील कॉफी हाउस, किंवा तिरुवनंतपुरमच्या बसस्थानकाजवळचे लॉरी बेकर यांनी बांधलेले लाल विटांचे, शंखासारखे वर चढत जाणारे कॉफी हाउस, यांना केवळ ‘एक शाखा’ कोण म्हणेल? आणि बाटाचे दुकान? तेथे कोणी जोडे घेवो न घेवो, ‘बाटासमोरून डावीकडे’ असा पत्ता आपल्याकडे किती गावांत सांगितला जातो! तेवढ्यापुरते तेही पाहिजे.

आमचा नियम आम्हीच खोडला. आता रात्री उघडी असणारी औषधालये पहिल्याच पानावर आहेत, मग ती शाखा असोत वा नसोत. मात्र शाखा गाजावाजाने उघडते आणि गुपचूप बंदही होते. म्हणून दर तीन महिन्यांनी आमच्यापैकी कोणीतरी मध्यरात्रीनंतर स्वतः जाऊन पाहून येतो. या खेपेस पाळी आमची आहे.