नशिराबादच्या क्षितिजावरचा नरतुरंग

जळगाव-भुसावळ महामार्गावरील नशिराबाद येथून मे महिन्याच्या अखेरीस, रात्री साडेदहाच्या सुमारास, दक्षिण दिशेला पाहिले, तर क्षितिजापासून जेमतेम आठ अंश उंचीवर एक ठळक पिवळसर तारा दिसतो. मराठीत त्याला 'मित्र' म्हणतात. पृथ्वीपासून सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा सूर्याच्या अगदी निकटच्या शेजाऱ्यांपैकी एक आहे. ज्या तारकासमूहाच्या पायाशी तो चमकतो, त्याचे नाव नरतुरंग. कमरेपर्यंत माणूस आणि खाली चार पायांचा घोडा, असे त्याचे कल्पित रूप आहे.

ही कल्पना मूळची ग्रीकांची. त्यांच्या पुराणकथांतील बहुतेक नरतुरंग रानटी व मद्यपी आहेत. लॅपिथ राजाच्या विवाहात मद्य पिऊन त्यांनी वधूवरच हात टाकला आणि मोठे युद्ध जुंपले. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर इसवी सनपूर्व पाचव्या शतकात हाच प्रसंग कोरला गेला. मात्र याच जातीत कायरॉन हा ज्ञानी गुरू होऊन गेला. अकिलीससारखा वीर आणि वैद्यकाचा देव अस्क्लेपियस हे त्याचे शिष्य. हेराक्लिसचा विषारी बाण चुकून लागल्यावर त्या अमर गुरूला वेदना सोसवेनात. अखेर त्याने अमरत्वच सोडले आणि आकाशात स्थान मिळविले, असे कथा सांगते.

भारतीय परंपरेतही माणूस आणि घोडा एकत्र येतात, पण रचना उलटी असते. येथे धड माणसाचे आणि मस्तक घोड्याचे. अमरकोशात किन्नरासाठी 'तुरंगवदन' हा पर्याय दिला आहे. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवरील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रात दिसणारे किन्नर मात्र अर्धे पक्षी आहेत. दध्यङ् ऋषींची वैदिक कथा तर थेट विद्यादानाची आहे. मधुविद्या कोणाला शिकविल्यास मस्तक छाटीन, अशी धमकी इंद्राने त्यांना दिली होती. तेव्हा अश्विनीकुमारांनी ऋषींना घोड्याचे मस्तक बसविले आणि त्या मुखातून विद्या घेतली. इंद्राने ते मस्तक छाटताच त्यांनी ऋषींचे मूळ मस्तक परत जोडले.

ग्रीक नरतुरंगाचे रूपही भारतात आले, ते ज्योतिषाच्या वाटेने. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहज्जातका'त धनू राशीचे वर्णन घोड्याचा मागचा भाग असलेला धनुर्धर पुरुष असे केले आहे. राशिभविष्याच्या सदराशेजारी आजही छापले जाणारे चित्र त्याच कुळातले. धनू रास आणि नरतुरंग हे आकाशातले दोन वेगळे तारकासमूह आहेत, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

आधुनिक लेखकांनी या प्राण्याचा रानटीपणा पूर्णपणे पुसला नाही, पण त्यांना विशेष भावला तो कायरॉन. जॉन अपडाइक यांच्या १९६३ च्या 'द सेंटॉर' या कादंबरीत एक थकलेला शाळामास्तर कायरॉनच्या रूपात दिसतो. सी. एस. लुईस यांच्या नार्नियातील नरतुरंग तारे वाचतात. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील २००३ च्या पाचव्या पुस्तकात फिरेंझ हा नरतुरंग शाळेत शिकवू लागतो आणि त्यासाठी आपल्या कळपाचा रोष पत्करतो. विद्या देणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे सूत्र दध्यङ् ऋषींपासून फिरेंझपर्यंत टिकून आहे. फिरेंझ ठाऊक असलेल्या मुलांना दध्यङ् ऋषींचे नाव मात्र क्वचितच ऐकायला मिळते.

पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत भोवऱ्यासारखी एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे ग्रीकांच्या आकाशातील नरतुरंग हळूहळू दक्षिणेकडे सरकला. आज अथेन्समधून मित्र तारा कधीच क्षितिजावर येत नाही. सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावरील खानदेशातून मात्र तो दिसतो. महामार्गाच्या दिव्यांपासून दूर, दक्षिणेकडे मोकळे शिवार असेल अशा जागी उभे राहिल्यास ग्रीकांचा हा गुरू पावलापर्यंत पाहता येतो.