विश्लेषण : गाडीला दिलेला नवा रंग पुढच्या पावसाळ्यातच का फुगतो? उघड्या पत्र्याची तयारी का महत्त्वाची?

गाडीचा गंजलेला दरवाजा किंवा चाकावरची कमान रंगवून घेतली, गाडी गॅरेजमधून चकचकीत होऊन आली आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी रंगाला फुगे आले, असा अनुभव अनेक गाडीमालकांना येतो. दोष सहसा रंगाच्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात रंग किती टिकणार, हे बऱ्याचदा रंगाचा डबा उघडण्याआधीच ठरलेले असते. पत्रा उघडा असताना काय केले आणि काय टाळले, यावर सगळे अवलंबून असते. ग्राहकाला मात्र नेमका हाच टप्पा दिसत नाही.

रंग पत्र्याला धरतो कसा?

पॉलिश पेपरने घासलेल्या पत्र्यावर बारीक ओरखडे पडतात. प्रायमर त्या खाचांत शिरून सुकतो आणि घट्ट धरून बसतो. शिवाय चांगल्या प्रायमरमधील रेझिन धातूच्या पृष्ठभागाशी रासायनिकरीत्याही जोडले जाते. या दोन्हीसाठी प्रायमर थेट पत्र्यापर्यंत पोहोचायला हवा. मध्ये गंज, ग्रीस, मेणाचे पॉलिश किंवा बोटांचा घाम असेल, तर रंग त्या थराला चिकटतो आणि थर सुटला की रंगही सुटतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली राहिलेला गंज वाढला, की तो रंगाला आतून वर ढकलतो. फुगा येतो तो असा.

कारखान्यातील रंग जास्त का टिकतो?

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी धुतला जातो. त्यावर फॉस्फेटचा पातळ थर चढवला जातो आणि मग सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून वीजप्रवाह सोडला जातो. त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात साधारण २० मायक्रॉनचा थर बसतो आणि तो भट्टीत १६० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो. गॅरेजमध्ये अशी टाकी नसते. वायरिंग आणि प्लास्टिक बसवलेली गाडी एवढी तापवताही येत नाही. त्यामुळे तिथे सगळी भिस्त हातकामावर असते.

पत्रा किती वेळ उघडा ठेवता येतो?

शक्यतो काही तासच. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली, की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात ती अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यात किनाऱ्यावरील खारी हवा भर घालते. सकाळी घासून चमकवलेल्या पत्र्यावर दुसऱ्या दिवशी पिवळसर छटा दिसू शकते. हा नवा गंजच असतो आणि त्यावर प्रायमर मारणे म्हणजे पुन्हा तोच दोष झाकणे. म्हणून जेवढा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल, तेवढाच उघडा करावा. रंगकामातील एक सर्वमान्य नियम असा, की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे. नाहीतर डोळ्यांना न दिसणारे पाणी पत्र्यावर साचते.

तयारीचा योग्य क्रम कोणता?

पहिली पायरी घासण्याची नाही, पुसण्याची. आधी ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पत्रा पुसावा आणि ते वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. नाहीतर घासताना तेल ओरखड्यांत भरले जाते. रॉकेलने पुसू नये, कारण ते तेलकट थर मागे ठेवते. पेट्रोलने आगीचा धोका असतो. त्यानंतर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरने जुना रंग आणि गंज काढून चांगला पत्रा दिसेपर्यंत जावे. आजूबाजूच्या जुन्या रंगाची कड उतरती करावी. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात करून १८० पर्यंत यावे. पत्रा अगदी गुळगुळीत करू नये, कारण प्रायमरला धरायला काही उरत नाही.

बारीक खड्ड्यांतला गंज ब्रशने निघत नाही. तिथे फॉस्फरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण वापरतात. मात्र लेबलवर सांगितल्याप्रमाणे ते धुऊन पत्रा पूर्ण वाळवणे आवश्यक असते. आम्ल मागे राहिले, तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट पकडत नाही. शेवटी धूळ उडवून पत्रा पुन्हा पुसायचा आणि त्यानंतर त्याला उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही.

रेड ऑक्साइड चालतो का?

हार्डवेअरच्या दुकानातला साधा रेड ऑक्साइड खिडकीच्या ग्रिलसाठी ठीक आहे. गाडीवर त्यावर तीव्र थिनर असलेला रंग बसला, की खालचा थर सुरकुतण्याची शक्यता असते. शिवाय तो ओलावा पूर्णपणे अडवत नाही. उघड्या पत्र्यासाठी दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमर जास्त भरवशाचा मानला जातो. आम्लयुक्त एच प्रायमर हाही पर्याय आहे, पण त्यावर पॉलिस्टर पुट्टी थेट लावत नाहीत. एका कंपनीचा प्रायमर दुसऱ्या कंपनीच्या थराखाली चालेल की नाही, हे उत्पादनाच्या माहितीपत्रकात बघावे.

पुट्टीमुळे पाणी कसे मुरते?

पॉलिस्टर पुट्टीत टाल्कसारखी भुकटी असते आणि ती ओलावा शोषते. पुट्टी लावून ती पाणी पेपरने घासली आणि लगेच वर रंग मारला, तर पाणी आतच अडकते. म्हणून पुट्टी कोरडी घासावी. पुट्टीच्या खाली आणि वर, दोन्हीकडे प्रायमर असेल तर पत्रा सुरक्षित राहतो.

रंगवणाऱ्याच्या आरोग्याचे काय?

पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारणी करताना ते श्वासावाटे आत गेल्यास दमा होऊ शकतो आणि एकदा ही संवेदनशीलता आली, की अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क ते अडवत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारे बूथ लागते. वाळूचा मारा करून गंज काढल्यास सिलिकाची धूळ उडते आणि सिलिकोसिसचा धोका असतो. घरच्या बंद पार्किंगमध्ये पीयू रंग फवारणे म्हणूनच टाळावे.

ग्राहकाने काय विचारावे?

रंगाची छटा विचारण्याआधी, प्रायमर मारण्यापूर्वीच्या पत्र्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागावा. पत्रा स्वच्छ राखाडी दिसायला हवा, तपकिरी ठिपके नकोत. कोणता प्रायमर वापरणार आणि पत्रा उघडल्यापासून किती वेळात मारणार, हेही विचारावे. दाराखालची पट्टी, फ्लोअर किंवा चॅसिसजवळच्या गंजलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते आत गेले, तर तिथे रंगाचा उपयोग नाही. तो भाग कापून वेल्डिंगने नवा पत्रा बसवावा लागतो, कारण अपघातात गाडीची मजबुती याच भागांवर अवलंबून असते. दाराच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची छिद्रे पुट्टीने बुजलेली नाहीत, हेही तपासावे.

कामाच्या दर्जाबद्दल शंका असेल, तर गॅरेजने टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यावर तीच प्रक्रिया करून चाचणी दाखवावी. रंग पूर्ण सुकल्यावर ब्लेडने त्यावर बारीक चौकड्या पाडायच्या, चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढून काढायची. चौकोन पट्टीबरोबर निघाले, तर रंगाने पत्रा धरलेला नाही. रंग कंपन्यांच्या प्रयोगशाळांतही अशीच चाचणी होते आणि तिच्यासाठी आयएसओ २४०९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

तयारीला वेळ लागतो आणि त्याची मजुरी द्यावी लागते. कमी दराच्या कोटेशनमध्ये सर्वात आधी कात्री लागते ती इथेच. त्यामुळे दोन गॅरेजच्या दरांची तुलना करताना घासणे, प्रायमर आणि रंग यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागणे ग्राहकाच्या फायद्याचे ठरते.