'अ' की 'अ‍ॅन'? कानाला विचारा

इंग्रजीच्या तासाला आपण मुलांना एक नियम सांगतो: ए, ई, आय, ओ, यू यांनी सुरू होणाऱ्या शब्दाआधी 'अ‍ॅन', इतर शब्दांआधी 'अ'. हा नियम प्रामाणिकपणे पाळून एखादी मुलगी 'अ‍ॅन युनिव्हर्सिटी' किंवा 'अ अवर' असे लिहिते आणि तिचे गुण जातात. "हे अपवाद आहेत, पाठ करा," असे सांगून आपण पुढे जातो. वस्तुतः हे अपवाद नाहीतच. नियमाची मांडणीच सदोष आहे.

'अ' किंवा 'अ‍ॅन' ठरतो तो पुढील शब्दाच्या पहिल्या उच्चारावरून. 'अवर'मधील एच मूक असतो, शब्द स्वराने सुरू होतो. म्हणून 'अ‍ॅन अवर'. 'युनिव्हर्सिटी'च्या आरंभी 'य्' आणि 'वन'च्या आरंभी 'व्' ऐकू येतो. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', 'अ वन-रुपी कॉइन'. लघुरूपांतही हेच: 'अ‍ॅन एक्स-रे', 'अ‍ॅन एल.ई.डी.', पण 'अ यू.व्ही. लॅम्प'.

असे का होते? जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थी 'आन' असा शब्द होता. त्याचेच पुढे 'अ‍ॅन' झाले. बाराव्या शतकाच्या सुमारास व्यंजनापूर्वीचा 'न' गळू लागला. स्वरापूर्वी मात्र तो टिकला, कारण लागोपाठ दोन स्वर उच्चारणे जिभेला जड जाते. म्हणजे 'अ‍ॅन' हे मूळ रूप आणि 'अ' हे झिजलेले.

हा 'न' नेमका कोणत्या शब्दाचा, याबद्दल बोलणाऱ्यांचाही गोंधळ उडे. क्रिकेटमधला 'अंपायर' मुळात 'न'ने सुरू होणारा शब्द होता. त्याचा 'न' आधीच्या 'अ'ला जाऊन चिकटला. 'एप्रन'चेही तसेच, तो पूर्वी 'नॅप्रन' होता. 'निकनेम'मध्ये उलट घडले. 'एक' म्हणजे जादा. 'अ‍ॅन एकनेम'मधील 'न' पुढे सरकला आणि 'अ निकनेम' झाले.

या बाबतीत मराठी मुलांच्या हाती एक चांगले साधन आहे. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायला सांगावे. पहिले अक्षर स्वर आले तर 'अ‍ॅन', व्यंजन आले तर 'अ'. फळ्यावर दोन रकाने करून अंब्रेला, युनिट, ऑनेस्ट, हॉस्पिटल, युरोपियन हे शब्द मुलांनाच वाटू द्यावेत आणि नियमही त्यांनाच शोधू द्यावा.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावे. 'एग'चा उच्चार 'येग' केला, तर कसोटी फसते. तसेच वर्ष आणि कान या दोहोंसाठीचे इंग्रजी शब्द आपण 'इयर' असेच लिहितो. वर्षवाचक शब्दाच्या आरंभी 'य्' आहे. तो 'यिअर' असा लिहिला, की 'अ यिअर' आणि 'अ‍ॅन इअर' हा फरक लगेच उलगडतो.