पर्यावरण संवर्धनातील व्यवसाय आणि सामुदायिक स्वयंसेवा : पंचगंगा खोऱ्यातील कबनूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पर्यावरणशास्त्राच्या पदवीधरांसमोर प्रदूषण नियंत्रण मंडळ, वन विभाग, उद्योगांतील सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, पाणी तपासणी प्रयोगशाळा, स्थानिक स्वराज्य संस्था, अध्यापन अशी अनेक क्षेत्रे खुली आहेत. या क्षेत्रांत पदवीइतकेच महत्त्व प्रत्यक्ष अनुभवाला आहे. परंतु नोकरीशिवाय अनुभव मिळत नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी मिळत नाही, अशा कोंडीत निमशहरी भागातील विद्यार्थी सापडतो. ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग म्हणजे सामुदायिक स्वयंसेवा होय. मात्र सर्वच प्रकारची स्वयंसेवा या दृष्टीने सारखी उपयुक्त नसते. कोणती सेवा विद्यार्थ्याला घडविते आणि गावाच्याही उपयोगी पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कबनूर परिसराची पार्श्वभूमी :
हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव इचलकरंजी शहराला लागून असून यंत्रमाग व्यवसाय हा या परिसराचा कणा आहे. सूत व कापडावरील प्रक्रिया उद्योगांचे रसायनयुक्त पाणी आणि वाढत्या वस्तीचे सांडपाणी यांचा भार ओढ्यानाल्यांमार्फत पंचगंगेवर पडत आला आहे. इचलकरंजीतील काळा ओढा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातलेले असताना पाणी साचून राहते आणि दूषण तीव्र होते. नदीवर पसरणारी जलपर्णी हे त्याचेच लक्षण होय.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ पसरली व तीत नागरिकांचे बळी गेले. ही साथ हिपॅटायटिस-ई या विषाणूची होती. हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो. ओढ्याचा रंग सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु काविळीचा विषाणू नितळ दिसणाऱ्या पाण्यातूनही घरात पोहोचू शकतो. म्हणून केवळ डोळ्यांनी दिसणाऱ्या प्रदूषणावर विसंबणारी सेवा अपुरी ठरते.

सेवेची उपलब्ध चौकट :
महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. त्याशिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसारच्या पदवी रचनेत सामाजिक सहभाग व क्षेत्रीय प्रकल्प यांनाही श्रेयांकांचे स्थान मिळाले आहे. तेव्हा वेळेची तरतूद अस्तित्वात आहे. ती कशी वापरावी, हा खरा प्रश्न आहे.

नदीघाटाची एका दिवसाची स्वच्छता, वृक्षारोपण व प्रभातफेरी यांमुळे जागृती होते. परंतु त्यातून व्यावसायिक कौशल्य फारसे येत नाही. याउलट पुढील कामे सातत्याने केल्यास त्यांचे मूल्य वाढते.

१) पाण्याच्या नियमित नोंदी : ठरावीक ठिकाणी, ठरावीक दिवशी व वेळी पाण्याचे तापमान, सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजावा. ऑक्सिजनच्या नमुन्यात नदीकाठीच रसायने घालून तो स्थिर करावा लागतो. अन्यथा प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मूल्य बदलते. ही शिस्त प्रत्यक्ष कामातूनच अंगी बाणते. स्नानयोग्य पाण्यात हा ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि जैविक ऑक्सिजन मागणी ३ मिलिग्रॅमपर्यंत असावी, असा मानदंड आहे. नोंदवलेले आकडे या मानदंडाशी ताडून पाहता येतात.

२) घरोघरी सर्वेक्षण : नळाला पाणी कधी येते, जलवाहिनी गटाराजवळून जाते का, पाणी उकळले जाते का, याची माहिती घ्यावी. लोकांशी बोलण्याचे व त्यांचा विश्वास संपादन करण्याचे कौशल्य येथे मिळते.

३) सण व आपत्तीकाळातील कार्य : महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालविलेली गणेशमूर्ती दान व निर्माल्य संकलनाची मोहीम हे या प्रकारच्या सेवेचे परिचित उदाहरण आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर गाळ काढणे व पाण्याचे स्रोत निर्जंतुक करणे यांची गरज या खोऱ्याने अनुभवली आहे. शास्त्र आणि लोकभावना यांची सांगड घालण्याचे शिक्षण अशा कामांतून मिळते.

सेवेतून उपजीविका :
सातत्यपूर्ण सेवेचे फलित काय असू शकते, हे कोकणातील वेळास गावाने दाखविले आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली २००२ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. हंगामभर पहाटे किनारा फिरून घरटी शोधणे, अंडी सुरक्षित हलविणे व प्रत्येकाची नोंद ठेवणे, असे या कामाचे स्वरूप होते. ग्रामस्थ व वन विभाग यांच्या सहभागाने ते रुजले. पुढे कासव महोत्सव व घरगुती निवास व्यवस्थेतून गावाला उत्पन्नही मिळू लागले. येथे संवर्धन आणि उपजीविका परस्परपूरक ठरली.

मर्यादा व दक्षता :
स्वयंसेवकांचे निष्कर्ष सूचक असतात, कायदेशीर पुरावा नव्हेत. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार पुरावा म्हणून ग्राह्य नमुना घेण्याची स्वतंत्र कार्यपद्धती असून तो अधिकार मंडळाच्या अधिकाऱ्यांना आहे. त्यामुळे नोंदींच्या आधारे मंडळाकडे वेळेत लेखी तक्रार करणे, हेच स्वयंसेवकाचे योग्य कार्य होय. विद्यार्थ्यांना हातमोजे व मार्गदर्शक यांशिवाय सांडपाण्याजवळ पाठवू नये. तसेच ज्या कामासाठी वेतनी कर्मचारी नेमणे आवश्यक आहे, ते काम कायमस्वरूपी विनावेतन विद्यार्थ्यांवर सोपविणे न्याय्य नाही. असे झाल्यास उद्याच्या पदवीधरांच्या नोकऱ्याच सेवेच्या नावाखाली नाहीशा होतील.

निष्कर्ष :
१) एकदिवसीय उपक्रमांपेक्षा दीर्घकालीन नोंदी ठेवणारी स्वयंसेवा व्यवसायाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे.
२) महाविद्यालयांनी दत्तक गावातील पाण्याच्या नोंदवह्या दरवर्षी पुढील तुकडीकडे सोपवाव्यात, त्यामुळे विद्यार्थी बदलले तरी माहिती खंडित होणार नाही.
३) स्वयंसेवकास केवळ सहभागाचे प्रमाणपत्र न देता त्याने केलेल्या कामाचा तपशील लिहून द्यावा.
४) या नोंदी ग्रामसभेपुढे मांडल्या जाव्यात. ज्या पाण्याची नोंद विद्यार्थी घेतो, तेच पाणी त्याच्या घरातील माणसे वापरतात. म्हणूनच कबनूरसारख्या परिसरात ही सेवा शिक्षणाचा अविभाज्य भाग ठरते.