डाख देण्याआधी

कोरपना तालुक्यातल्या शेतकऱ्याला ऑटो स्विच नवा नाही. रात्री वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी आणि तीनपैकी एक फेज गेली तर ती जळण्याआधी बंद पडावी, एवढंच त्याचं काम. ते काम पेटीतली तळहाताएवढी सर्किटची पाटी करते. गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांतले नियंत्रक खूप मोठे, पण जात तीच.

अशी पाटी स्वतः बनवू पाहणाऱ्या पोराची पहिली ठेच ठरलेली: रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. ट्रान्झिस्टरने प्रवाह तोडला की रिलेच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा उलट्या झटक्याने बाहेर पडते. बारा व्होल्टच्या जोडणीत क्षणभर त्याच्या कित्येक पट दाब चढतो आणि ट्रान्झिस्टर जातो. गुंडाळीला एक डायोड उलटा जोडला असता तर तो वाचला असता.

हा झटका काही न जाळता बघता येतो. पवईच्या आयआयटीतल्या 'फॉसी' प्रकल्पाने त्यासाठी 'ई-सिम' हे मुक्त सॉफ्टवेअर घडवलं. मोबाइलमधल्या ई-सिमशी त्याचा संबंध नाही. आधी त्याचं नाव 'ऑस्कॅड' होतं. त्यातल्या 'कायकॅड'मध्ये आकृती काढायची, मग 'एनजीस्पाइस' प्रत्येक सांध्यावरचा दाब आणि प्रवाह क्षणाक्षणाला मोजून आलेख काढतं. डायोड काढा, आलेख उसळतो, लावा, बसतो. मला हा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचा वाटतो. एनजीस्पाइसचं मूळ 1973च्या 'स्पाइस'मध्ये आहे. बर्कलीत लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी ते घडवलं आणि मोकळेपणाने वाटलं, म्हणूनच ते आजवर टिकलं. मायक्रोकंट्रोलरच्या सरावासाठी फॉसीचंच 'आर्डुइनो ऑन क्लाउड' ब्राउझरमध्ये चालतं.

पण जोडणी बरोबर असूनही प्रोसेसरवरच्या कामांची वेळ चुकू शकते. 1997 साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामानाच्या दुय्यम कामाने अडवून धरलेल्या सामायिक साधनाच्या कुलुपासाठी जास्त निकडीचं काम खोळंबत होतं आणि मधल्या दर्जाची कामं त्या दुय्यम कामाला पुढे सरकू देत नव्हती. असा गुंता आकृतीत नाही, रचनेत असतो. रचना मांडण्यासाठी 'एएडीएल' ही भाषा आहे. ती 2004 साली एसएई या संस्थेचं मानक झाली. तिच्यासाठीचं कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटचं 'ओसेट' हे साधनही मुक्त आहे. कोणतं काम किती वेळाने येतं आणि किती वेळ घेतं हे त्यात लिहिलं, की प्रोसेसरला भार पेलेल का, संदेश वेळेत पोचेल का, हे यंत्र बनण्याआधीच तपासता येतं.

यातल्या एकाही साधनाला परवान्याचे पैसे लागत नाहीत. आयआयटीच्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे अनेक पाठ मराठीत ऐकता येतात. गडचांदूर-कोरपन्याच्या मुलांनो, पुढची पाटी हातात घ्याल तेव्हा डाख देण्याआधी तिची आकृती ई-सिममध्ये एकदा चालवून पाहा.