पाना-पक्कडीचं फडताळ

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरात हिंगाची डबी कुठे आहे? रात्री लाइट गेले तरी हात नेमका तिथेच जाईल, हो ना? आता दुसरा प्रश्न. घरातला पेचकस कुठे आहे? इथे मात्र बहुतेकींची गाडी अडते. ‘असेल कुठेतरी माळ्यावर, ह्यांना विचारा!’ खंडेनवमीला आपण हत्यारांना हळद-कुंकू वाहतो, झेंडूची फुलं ठेवतो आणि दसरा झाला की तीच हत्यारं पुन्हा एखाद्या फुटक्या बादलीत जाऊन पडतात.

मीही त्यातलीच होते. हत्यारांनाही घर लागतं, आणि ते घर पारखून घ्यावं लागतं, हे मला आमच्या गल्लीतल्या मशिनवाल्या वहिनींमुळे कळलं.

वहिनींचे यजमान इथे कराडात शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. आसपासच्या खेड्यांतल्या शिवणकाम करणाऱ्या बायका त्यांच्याकडेच यायच्या. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. पदरात दोन मुली. पण वहिनी पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून हाताखाली काम करत होत्या. कुठला स्क्रू कुठे बसतो, कुठलं मशिन कुठल्या आवाजाला काय मागतं, सगळं पाठ. महिनाभरानं त्यांनी ओसरीवरचं ते काम पुन्हा सुरू केलं. ‘बाई काय मशिन दुरुस्त करणार?’ म्हणणारे होतेच. पण गिऱ्हाईक सगळ्या बायकाच. त्यांना उलट मोकळं वाटायला लागलं.

हात तयार होता, हत्यारं मात्र विखुरलेली. पाने गोणपाटाच्या पिशवीत, पकडी तेलाच्या कापलेल्या डब्यात, कानशी खिडकीत, बारीक स्क्रू बिस्किटांच्या डब्यात. त्यात दीर, पुतणे, शेजारी यांचं ‘वहिनी, जरा दहा-अकराचा पाना द्या’ चालूच. गेलेला पाना आपणहून परत येईल तर शपथ!

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आमच्या बचत गटातलीच एक बाई मशिन घेऊन आली. तिच्याकडे चाळीस गणवेशांची शिलाई होती. वहिनींनी मशिन उघडलं, दोष काढला, आणि पुन्हा बसवताना बघतात तर एक बारीक स्क्रू गायब. डब्याच्या झाकणात ठेवला होता, झाडताना कुणीतरी झाकण हलवलं. शिलाई मशिनच्या स्क्रूचे आटे वेगळे असतात, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तो मिळत नाही. कोल्हापूरहून मागवेपर्यंत तीन दिवस गेले आणि तोवर अर्धे गणवेश दुसऱ्या टेलरकडे गेले. ती बाई वहिनींना एका शब्दानं बोलली नाही. वहिनी मात्र त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत गटानं ठरवलं, वहिनींना हत्यारांसाठी खणांची, चाकांची ट्रॉली घेऊन द्यायची. चाकं कशाला? तर मशिन जड, ते जिथे ठेवलं तिथेच उघडायचं, म्हणून हत्यारांनी त्याच्याकडे जायचं. शिवाय ओसरी उघडी. रात्री सगळं उचलून आत न्यावं लागायचं. गटातून साडेसहा हजारांचं कर्ज मंजूर झालं आणि खरेदीला वहिनींबरोबर मी गेले. मी शिकलेली ना!

आता सांगायलाही लाज वाटते. साडी घेताना आपण पदर उलगडतो, काठ बघतो, आतली बाजू उलटून बघतो, रंग जाईल का विचारतो. तिथे मात्र आम्ही दोघींनी लाल चकचकीत रंग बघितला, किंमत बघितली आणि ट्रॉली टेम्पोत चढवली. एक खण ओढून बघितला नाही. ‘हे पुरुषांचं दुकान, आपल्याला त्यातलं काय कळतंय!’ असं मनात धरूनच आम्ही आत शिरलो होतो.

महिन्याभरात एक चाक शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकून तुटलं. मग खण मधोमध वाकले आणि अडकायला लागले. तिसऱ्या महिन्यात वहिनींनी घाईत वरचे दोन खण एकदम ओढले. खणांत मशिनच्या मोटारी होत्या. सगळी ट्रॉली पुढे कलंडली. समोर धाकटी लेक अभ्यास करत बसलेली. पायाच्या दोन बोटांवर निभावलं, पण सहा आठवडे पोरीचा पाय बांधलेला होता.

दुकानदारानं हात वर केले. आमच्याकडे पक्कं बिलही नव्हतं, नुसती चिठ्ठी. आणि तिच्यावर छापलेलं, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. मैत्रिणींनो, हे वाक्य म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही बरं का. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण त्यासाठी हातात पक्कं बिल हवं. चार पैसे वाचवायला चिठ्ठीवर माल घेतला की बोलायला तोंड उरत नाही. आमचं तसंच झालं.

वहिनी म्हणाल्या, ‘आता पुन्हा गोणपाटच बरं.’ मला मात्र चैन पडेना. कर्ज वहिनींच्या डोक्यावर आणि चूक माझीही. शेवटी एके दिवशी आम्ही एसटीनं कोल्हापूर गाठलं आणि शिवाजी उद्यमनगरात फिरलो. जिथे दिवसभर लोखंडाशीच व्यवहार, तिथले लोक हत्यारं कशात ठेवतात ते बघू म्हटलं. चार वर्कशॉप हिंडल्यावर ट्रॉल्या बनवणारे एक वयस्कर मिस्त्री भेटले. आमची कहाणी ऐकून म्हणाले, ‘ताई, ही पेटी न्हाई, गाडी हाय. वझं घेऊन चालणारी गाडी. तशीच पारखून घ्यायची.’ त्यांनी जे दाखवलं ते सांगते. बघा, त्यातलं किती आपल्याला आधीच ठाऊक असतं.

सगळ्यात आधी पत्रा. तो गेजमध्ये मोजतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. ऐकून गोंधळ उडतो, पण वहिनी पटकन म्हणाल्या, ‘म्हणजे दोऱ्यासारखं! साठ नंबरचा दोरा चाळीसपेक्षा बारीक.’ अगदी तसंच. २२ गेजचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड, १८ गेजचा साधारण सव्वा. जड हत्यारं असतील तर सांगाडा १८ गेजचा असावा, खणांना त्याहून थोडा पातळ चालतो. दुकानात गेज विचारायचा आणि बिलावर लिहून घ्यायचा. हातानंही कळतं. ट्रॉलीचा वरचा कोपरा धरून तिरका दाब द्या. सांगाडा डुलला की ती आपली नव्हे. खणाच्या कडेवरून अलगद बोट फिरवा. कडा दुमडलेली हवी, नाहीतर रोज हात कापायचा.

मग खण. आपल्या किचन ट्रॉलीला असतात तसे बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनेल इथेही हवेत. पत्र्यावर पत्रा घासत सरकणारे खण भाराखाली अडकतात. खण पूर्ण बाहेर येतो की अर्धाच, हेही बघायचं. अर्धाच आला तर मागचं सामान म्हणजे फडताळाच्या कोपऱ्यातली लोणच्याची बरणी, असून नसल्यासारखी. वर दोन-तीन उथळ खण स्क्रू, सुया, बॉबिन केस यांच्यासाठी आणि खाली एक-दोन खोल खण मोटारी, हातोडी, ड्रिल मशिन यांच्यासाठी. जड ते तळाला, हा नियम तर आपण मांडणी लावताना पाळतोच. आमच्या ट्रॉलीत मोटारी वर होत्या, कारण खालचे खणही उथळच होते!

कलंडण्यावरही उपाय असतो. चांगल्या ट्रॉलीत अशी सोय असते की एक खण उघडा असताना दुसरा उघडतच नाही. घरात लहान मुलं असतील तर ही सोय मागून घ्याच. नसेल तर स्वतःला सवय लावायची, एका वेळी एकच खण.

चाकांचा हिशेब मला सगळ्यात जास्त आवडला. चार चाकं असली तरी खडबडीत जमिनीवर एखादं अधांतरी राहतं. म्हणून भार चारवर नाही, तीनवर वाटायचा. ट्रॉली पन्नास किलो आणि सामान सत्तर किलो धरलं तर एकशेवीस. भागिले तीन, म्हणजे प्रत्येक चाकानं किमान चाळीस किलो पेललं पाहिजे. दोन चाकं सरळ चालणारी आणि दोन फिरणारी असावीत, फिरणाऱ्यांना ब्रेक हवा. शहाबादी फरशी आणि सांधे असतील तर चाक मोठं, पाच इंची आणि रबरासारख्या मऊ आवरणाचं घ्यावं. बारकं कडक प्लॅस्टिकचं चाक प्रत्येक सांध्यात ठेच खातं. आणि हो, घरच्या दाराची रुंदी आणि उंबऱ्याची उंची मोजून न्यायला विसरू नका. आम्ही उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी उताराची फळी करून घेतली.

उंचीचंही तसंच. तयार ट्रॉल्या उंचपुऱ्या माणसाच्या बेतानं केलेल्या वाटतात. वहिनी जेमतेम पाच फूट. आपण ओटा आपल्या कोपराच्या मापानं करून घेतो, मग हे का नको? ट्रॉलीचा माथा त्यांच्या कामाच्या टेबलाच्या बरोबरीनं केला. मशिनचं हेडच दहा-बारा किलोचं, ते आता उचलावं लागत नाही, टेबलावरून ट्रॉलीवर सरकवता येतं.

राहिला गंज. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे लोखंडाचा वैरी. साध्या रंगापेक्षा पावडर कोटिंग टिकतं, पण ते आतून, कोपऱ्यांत आणि तळालाही झालंय का हे वाकून बघायचं. खणांत रबरी मॅट अंथरायची, कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि आठवड्यातून एकदा हत्यारांवरून मशिनच्या तेलाचं फडकं फिरवायचं.

मिस्त्रींनी वहिनींच्या मापाची, पाच खणांची ट्रॉली बनवायचं कबूल केलं. किंमत साडेचौदा हजार. वहिनींचा चेहरा उतरला. पण गटातल्या बायकांनी पुन्हा कर्ज मंजूर केलं, आणि पहिली बोलणारी कोण होती माहितेय? तीच, गणवेशवाली. म्हणाली, ‘त्यांचं काम थांबलं की माझं थांबतं.’

ट्रॉली आणायला गेलो तेव्हा वहिनींनी घरून दळणाचा डबा आणला होता, दहा किलो ज्वारी भरलेला! मिस्त्रींसमोर एकेक खण पूर्ण ओढून त्यांनी त्यात डबा ठेवला, खण वाकतो का बघितलं, पुन्हा आत-बाहेर केला. पाचही खण. शेजारच्या वर्कशॉपमधली पोरं हसायला लागली. मिस्त्री हसले नाहीत. एका खणाचा चॅनेल जरा कुरकुरला, तो त्यांनी तिथल्या तिथे बदलून दिला आणि गेज, चाकांचं माप, सगळं लिहून पक्कं बिल फाडलं.

आता एक खरं सांगते. प्रत्येकीला अशी ट्रॉली लागत नाही. घरापुरता एक पेचकस, एक पक्कड, एक हातोडी असेल तर झाकणाचा साधा पत्र्याचा डबा पुरे, फक्त त्याची जागा ठरलेली हवी आणि ती तुम्हाला माहीत हवी. पण हत्यारांवर पोट असेल, मग ते मशिन दुरुस्ती असो, मिक्सर-पंख्यांचं काम असो की लाकडी खेळणी बनवणं, तर स्वस्तातली ट्रॉली दोनदा घेण्यापेक्षा थोडं थांबून चांगली एकदा घ्या. आमचे पहिले साडेसहा हजार ही त्याची फी समजा.

ट्रॉलीला एकच कुलूप आहे, त्यानं पाचही खण बंद होतात. किल्ल्या दोन. एक घरात देवापाशी, दुसरी वहिनींच्या कमरेला. परवा मी बसले असताना पुतण्या आला, ‘काकू, पाना हवाय.’ वहिनींनी खण उघडला, पाना दिला आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूनं त्याचं नाव लिहिलं. संध्याकाळी पाना परत, नाव पुसलं. पूर्वी मागायचीही पद्धत नव्हती, हात घालून घेऊन जायचे.

धाकटीचा पाय आता ठणठणीत आहे. या वर्षी खंडेनवमीला वहिनींनी ट्रॉलीचे खण पुसून घेतले आणि पूजेला तिला बसवलं. हळद-कुंकू वाहून झाल्यावर त्या तिला विचारत होत्या, ‘डोळे मीट आणि सांग, बारीक पेचकस कुठल्या खणात?’

‘वरून दुसरा, डावीकडे,’ पोरगी म्हणाली. बरोबर होतं.